ड्रीमर मुलं, एच-४ वरची मुलं आणि अमेरिकेतले दोन पक्ष: कुणी कशाला मत दिलं?

गवतफूल:

निवडणूक जवळ आली की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेलं भांडण पेटतं. एक गट म्हणतो, डेमोक्रॅट बेकायदा आलेल्यांचे लाड करतात आणि आपण मात्र वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत. दुसरा म्हणतो, रिपब्लिकनांना बाहेरचा माणूसच नको आहे. कुणी कधी कशाला मत दिलं हे बघायला कुणी तयार नसतं. म्हणून हा धागा काढतेय. प्रश्न एकच ठेवू या: आईवडिलांनी लहान वयात अमेरिकेत आणलेल्या, इथल्याच शाळेत वाढलेल्या मुलांना इथे राहू द्यायचं का, यावर दोन्ही पक्षांनी आजवर प्रत्यक्षात काय केलं?

सुरुवात १९८० पासून करते. रिपब्लिकन उमेदवारीसाठी ह्यूस्टनला रेगन आणि थोरले बुश यांची जाहीर चर्चा होती. बेकायदा आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फुकट शिकू द्यावं का, असं एका प्रेक्षकाने विचारलं. दोघंही अतिशय मवाळ बोलले. त्या चित्रफिती आजही बघायला मिळतात, जरूर बघा. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५-४ अशा निसटत्या बहुमताने टेक्सासचा कायदा रद्द केला आणि शाळेचं दार सगळ्या मुलांना उघडं राहिलं. आजचा पेच तिथूनच येतो. बारावीपर्यंत देश या मुलांना स्वतःच्या खर्चाने शिकवतो आणि हायस्कूल संपलं की कायदा त्यांना ओळखतच नाही.

अशा मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारा पहिला ड्रीम अ‍ॅक्ट २००१ साली सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आला. या मुलांना ड्रीमर म्हणतात ते त्यावरूनच. तो आणणारे दोघं: यूटाचे रिपब्लिकन ऑरिन हॅच आणि इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन. त्याच वर्षी अशा मुलांना कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लावणारा देशातला पहिला कायदा टेक्सासने केला आणि त्यावर सही होती रिक पेरी या रिपब्लिकन गव्हर्नरची. उलट डेमोक्रॅटांच्या पाठीशी असणाऱ्या कामगार संघटना तोवर साशंक होत्या. त्यांच्या महासंघाने, एएफएल-सीआयओने, आपली भूमिका बदलली तीच २००० साली. त्या काळात हा पक्षांचा वादच नव्हता, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना.

मग दहा वर्षांत सगळं फिरलं. २००७ मध्ये ड्रीम अ‍ॅक्टला सिनेटमध्ये ५२ मतं मिळाली, बिल पुढे न्यायला लागतात ६०. डिसेंबर २०१० मध्ये हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, तो २१६-१९८ ने मंजूर केला आणि सिनेटमध्ये तो ५५-४१ वर अडकला. पाच डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिलं. तीनच रिपब्लिकन बाजूने उभे राहिले. हॅच त्या दिवशी मतदानालाच नव्हते. ज्यांनी बिल आणलं ते स्वतःच गैरहजर, यावरून पक्षात काय वारं होतं ते कळतं.

१५ जून २०१२ ला ओबामांनी 'डाका' (DACA, लहानपणी आलेल्यांची हद्दपारी पुढे ढकलणारी योजना) जाहीर केला. तो कायदा नाही, प्रशासनाचा निर्णय आहे. सोळाव्या वर्षाच्या आत आलेला, १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेला, त्या दिवशी ३१ च्या आत असलेला, शिकणारा किंवा शिकलेला, गंभीर गुन्हा नसलेला. अशांना दोन वर्षांपुरतं हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही. आजवर आठ लाखांहून जास्त जणांनी तो घेतला, २०२५ च्या सुरुवातीला साधारण सव्वापाच लाखांकडे होता.

पुढचं सगळ्यांनी मिळून लिहू या. टेक्सासकर, तुम्ही ग्रुपवर नेहमी वेगळी बाजू मांडता, इथेही मांडा.

टेक्सासकर:

बोलावलंत म्हणून लिहितो. मी नव्वदच्या दशकात एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आलो, रांगेत उभा राहिलो, आज नागरिक आहे आणि बहुतेक वेळा रिपब्लिकनांना मत देतो. मुलांबद्दल राग धरणारा माणूस मी नव्हे.

पण तीन गोष्टी. एक, कायदे करणं काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, काम. स्वतः ओबामा २०११ मध्ये सांगत होते की नुसत्या आदेशाने हद्दपारी थांबवणं माझ्या हातात नाही, आणि पुढच्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनी डाका आणला. २०१६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यात हा निर्णय घटनेविरुद्ध आहे, तो ताबडतोब रद्द करा, असं स्पष्ट लिहिलं होतं. मला तो आक्षेप पटतो. आज आवडीचा राष्ट्राध्यक्ष आदेश काढतो, उद्या नावडता काढेल.

दोन, १९८६. रेगनने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. बदल्यात सीमा आणि नोकरी देणारे मालक यांच्यावर कडक कारवाई होणार होती. माणसं कायदेशीर झाली, कारवाई कागदावर राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत बेकायदा राहणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला. 'आधी माफी, मग बंदोबस्त' या सौद्यावर रिपब्लिकन मतदाराचा विश्वास का नाही, हे समजून न घेता नुसतं निर्दयी म्हणणं बरोबर नाही.

तीन, २०१८ मध्ये ट्रम्पने १८ लाख ड्रीमरांना नागरिकत्वाचा मार्ग देऊ केला होता. म्हणजे डाका घेतलेल्यांच्या दुपटीहून जास्त. नाकारला कुणी? डेमोक्रॅटांनी.

गवतफूल:

तिसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते, कारण या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा तोच.

सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी डाका बंद केल्याचं जाहीर केलं आणि काँग्रेसला ५ मार्च २०१८ पर्यंत वेळ दिला. जानेवारीत डेमोक्रॅटांनी याच मुद्द्यावर खर्चाचं बिल अडवलं, सरकार तीन दिवस ठप्प झालं, आणि त्यांनीच माघार घेतली. फेब्रुवारीत सिनेटमध्ये मतदान झालं. व्हाइट हाउसच्या मसुद्यात तुम्ही म्हणता ते १८ लाख होते, त्याबरोबर सीमेवरच्या भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर, कुटुंबीयांना बोलावण्याच्या सोयीत मोठी कपात आणि व्हिसा लॉटरी बंद. त्याला मतं पडली ३९, विरोधात ६०. पुष्कळ रिपब्लिकनही विरोधात होते. काहींना नागरिकत्वच नको होतं, काहींना कपात जास्त वाटली. त्याच दिवशी रिपब्लिकन माइक राउंड्स आणि अपक्ष अँगस किंग यांचा मधला मार्ग आला: तेवढेच १८ लाख, तेच २५ अब्ज, पण कुटुंबांवरची कपात बरीच सौम्य. त्याला ५४ मतं मिळाली, आठ रिपब्लिकनांची धरून. व्हाइट हाउसने त्याला व्हेटोची धमकी दिली होती. सहा मतं कमी पडली.

भिंतीचे पैसे द्यायला डेमोक्रॅट तयार होते, मुलांना नागरिकत्व द्यायला ट्रम्प तयार होते, आणि बोलणी तिसऱ्याच गोष्टीवरून तुटली: कायदेशीर मार्गाने किती लोक यावेत. त्या सौद्यात मुलं फक्त तराजूत टाकायला होती. मला चीड येते ती याची, आणि ती दोन्ही बाजूंची येते.

जूनमध्ये हाउसमध्येही तेच. रिपब्लिकनांचं कडक बिल १९३-२३१ ने पडलं, त्यांचंच सौम्य बिल १२१-३०१ ने. स्वतःचं बहुमत असताना.

कृष्णाकाठ:

सांगलीहून लिहितोय, माझा भाचा तिकडे असतो म्हणून वाचतो. एक बाळबोध प्रश्न. ही मुलं इतकी वर्षं तिथे आहेत, तर सरळ अर्ज करून रांगेत का लागत नाहीत?

कलमदान:

बाळबोध अजिबात नाही, अमेरिकेतल्या निम्म्या लोकांना हेच वाटतं. मी एका इमिग्रेशन वकिलाकडे काम करते, म्हणून उत्तर देते. त्यांच्यासाठी रांगच नाही. ग्रीन कार्ड मिळतं ते मुख्यतः जवळच्या नातेवाइकामुळे किंवा नोकरीमुळे. समजा नागरिकाशी लग्न झालं किंवा एखादी कंपनी तयार झाली, तरी जे सीमा ओलांडून बिनकागद आले त्यांना सहसा देशात राहून अर्ज पुरा करता येत नाही, बाहेर जावं लागतं. आणि अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांहून जास्त काळ बेकायदा राहून बाहेर पडलं की तीन वर्षं परत येण्यास बंदी, वर्षाहून जास्त असेल तर दहा वर्षं. हा नियम १९९६ चा, आणि त्यावर सही बिल क्लिंटन यांची. डेमोक्रॅटांच्या नावावर हेही लिहून ठेवा.

आणखी एक. डाकातली 'मुलं' हा शब्द ऐकून शाळकरी पोरं डोळ्यांसमोर येतात. अट १५ जून २००७ च्या आधी येण्याची आहे. म्हणजे आज त्यात बसणारा सगळ्यात लहान माणूस अठराच्या पुढे आणि सगळ्यात मोठा चव्वेचाळीसच्या आसपास. आज हायस्कूलमध्ये असलेल्या बहुतेक बिनकागद मुलांना डाका लागूच होत नाही. वर २०२१ पासून टेक्सासमधल्या कोर्टाच्या निकालामुळे नवे अर्ज घेतात पण पुढे सरकवत नाहीत, फक्त नूतनीकरण चालू आहे.

निळावंती:

मी बरेच दिवस फक्त वाचतेय, आज लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत. मुलगा चार वर्षांचा असताना पुण्याहून आलो, मी एच-१बी वर, तो एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर. सगळं कायदेशीर, एक दिवस इकडचा तिकडे नाही. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख, २०१५ ची आहे आणि आमच्या गटाची, भारताच्या ईबी-२ ची, तारीख अजून २०१३ च्या आसपास घुटमळतेय. मुलगा लवकरच एकवीसचा होईल.

हायस्कूलमध्ये असताना त्याच्या सगळ्या मित्रांनी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, स्विमिंग पूलवर नोकऱ्या धरल्या. याला काम करायला परवानगी नाही. मित्र विचारायचे, तू का येत नाहीस? तो सांगायचा, आई पाठवत नाही. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटायची. हे मला खूप उशिरा कळलं, त्याच्या मित्राच्या आईने सांगितल्यावर.

आता एकवीसला एच-४ संपणार. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, म्हणजे ज्या देशात तो पहिली-दुसरीपासून शिकला तिथे 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' व्हायचं. आणि एफ-१ साठी सांगावं लागतं की शिक्षण संपलं की मी माझ्या देशात परत जाईन. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तो कुठे परत जाणार? ग्रुपवर लोक 'बेकायदा मुलांना सगळं मिळतं' म्हणून लिहितात तेव्हा मी गप्प बसते, कारण मनात मलाही कधी कधी तेच येतं. मग स्वतःचाच राग येतो. त्या मुलांनी तरी काय केलंय?

टेक्सासकर:

निळावंतीताई, वाचून फार वाईट वाटलं. माझी मुलं इथेच जन्मली, त्यामुळे हे मला कधी भोगावं लागलं नाही. पण एकवीस झाल्यावर मुलांचं वय गोठवणारा काही कायदा आहे ना? बुशच्या काळात झाला होता असं आठवतं.

कलमदान:

आहे. चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, ऑगस्ट २००२, धाकट्या बुश यांची सही. हिशोब असा: ग्रीन कार्डाचा नंबर लागेल त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं, त्यातून आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, जितके दिवस सरकारकडे पडून होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर एकवीसच्या आत आलं तर मूल वाचलं. पण आपल्या लोकांचा वेळ आय-१४० मध्ये जात नाही, नंबर लागण्याच्या रांगेत जातो, आणि तो वजा होत नाही. त्यात कंपनीने लवकर निकालासाठी जादा फी भरून आय-१४० पंधरवड्यात मंजूर करून घेतलेला असतो. तेव्हा आईबाप पेढे वाटतात आणि वजा करायला पंधरवडाच उरतो. असे किती हिशोब मी टाइप केलेत आणि प्रत्येक वेळी पुढचा फोन करायला हात धजत नाही.

अलीकडचा बदलही सांगते, कारण तो थेट पक्षांच्या धोरणाचा भाग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडेन प्रशासनाने ठरवलं की व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुणाचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक, त्यातल्या दोन तक्त्यांपैकी अर्ज भरण्याच्या तारखांचा तक्ता धरायचा, जो थोडा पुढे असतो. त्याने बरीच मुलं वाचली. ट्रम्प प्रशासनाने १५ ऑगस्ट २०२५ पासून ते मागे घेतलं, आता पुन्हा अंतिम तारखांचा तक्ता. त्या दिवसाच्या आधी अर्ज केलेल्यांना जुनाच नियम आहे, नंतरच्यांना नाही. ही मुलं कायदेशीरच होती. तेव्हा 'आमचा विरोध फक्त बेकायदाला आहे' हे म्हणणं या एका निर्णयापुरतं तरी टिकत नाही.

डोंगरवाट:

मी २४ चा आहे. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका असतील. मी एच-४ वरून एज-आउट झालो, म्हणजे एकवीस पूर्ण होऊन बाहेर पडलो, आता एफ-१ वर ओपीटी (शिक्षणानंतरची तात्पुरती नोकरी) करतोय.

माझी कॉलेजची लॅब पार्टनर डाकावर आहे. मेक्सिकोहून दोन वर्षांची असताना आली. तिच्याकडे सतराव्या वर्षी वर्क परमिट होतं, माझ्याकडे नव्हतं. मला तेव्हा राग यायचा. मग तिच्या आजी वारल्या आणि तिला जाता आलं नाही, कारण आधी परवानगी घेतल्याशिवाय बाहेर गेलं तर डाका जातो, आणि ती परवानगी वेळेत मिळाली नाही. माझे आजोबा गेले तेव्हा मी साताऱ्याला गेलो होतो. परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो, पण गेलो तरी.

तिचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी, आणि दर वेळी कोर्टात काहीतरी चालू असतं. माझी ओपीटी, मग एच-१बी ची लॉटरी. आम्ही दोघं एकाच कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेलो होतो. दोघांनाही विचारलं, तुमचं स्टेटस किती दिवस आहे? आम्ही दोघंही याच देशात बालवाडीपासून शिकलोय. काका लोक ग्रुपवर आम्हाला एकमेकांविरुद्ध उभं करतात. प्लीज करू नका.

आणि एक विचारायचं होतं. मी डाका का घेऊ शकलो नाही?

कलमदान:

कारण डाकाच्या अटींतच आहे की १५ जून २०१२ रोजी तुझ्याकडे कायदेशीर दर्जा नसायला हवा. तू त्या दिवशी एच-४ वर होतास. तुझ्या आईवडिलांनी नियम पाळले म्हणून तू बाहेर राहिलास. ही अट घालणारं प्रशासन डेमोक्रॅटांचं होतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडेन यांनी डाकाची नियमावली नव्याने अमलात आणली तेव्हाही ती तशीच ठेवली.

गवतफूल:

डोंगरवाट, चुका काही नाहीत, लिहीत राहा.

कलमदान यांनी लिहिलं ते आपल्या मंडळींनी दोनदा वाचावं. अशा मुलांना आता 'डॉक्युमेंटेड ड्रीमर' म्हणतात, संख्या दोन लाखांच्या वर धरली जाते, आणि भारतीय मुलं त्यात सगळ्यात जास्त. कारण नोकरीची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि एका देशाला साधारण सात टक्के. भारत असो की आइसलँड. 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही त्याच मुलांनी उभी केलेली संघटना. त्यांच्या मागणीवरून २०२१ मध्ये 'अमेरिकाज चिल्ड्रेन अ‍ॅक्ट' आला, सिनेटमध्ये डेमोक्रॅट अ‍ॅलेक्स पडिया आणि रिपब्लिकन रँड पॉल यांच्या नावाने, हाउसमध्ये डेमोक्रॅट डेबोरा रॉस आणि रिपब्लिकन मॅरिएनेट मिलर-मीक्स यांच्या नावाने. आजच्या काळात दोन्ही पक्षांच्या सह्या एका इमिग्रेशन बिलावर, हे फार दुर्मीळ. तरी ते कधी मतदानाला आलं नाही.

फेब्रुवारी २०२४ चं सीमेचं बिल आठवतं? रिपब्लिकन लँकफर्ड, डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष किर्स्टन सिनेमा या सिनेटरांनी मिळून घडवलेलं. त्यात एच-१बी वाल्यांच्या मुलांना एकवीसनंतर संरक्षण होतं. डाकावाल्या ड्रीमरांना काहीच नव्हतं. ट्रम्पनी विरोध केला, रिपब्लिकनांची चारच मतं बाजूने पडली. आणि पडिया यांनी, जे आपल्या मुलांचं बिल आणणारे, विरोधात मत दिलं, कारण ड्रीमरांना वगळलं होतं. मी बराच विचार केला यावर. आपल्या मुलांच्या तोंडचा घास गेला असं आधी वाटलं. पण एका गटाला घ्यायचं आणि दुसऱ्याला कायमचं बाहेर ठेवायचं, हे मान्य केलं तर पुढच्या वेळी बाहेर ठेवायला आपली मुलं असतील. २०१२ ला तेच झालं होतं.

टेक्सासकर:

इथे मी सहमत नाही. जे मिळतंय ते घ्यावं. दोन लाख मुलं वाचली असती. सगळ्यांना मिळेपर्यंत कुणालाच नको, या हट्टाने डेमोक्रॅटांनी २००१ पासून किती संधी घालवल्या? २००९ मध्ये त्यांच्याकडे सिनेटमध्ये साठ जागा होत्या. तरी हे बिल डिसेंबर २०१० ला, निवडणूक हरल्यावर, जाता जाता आणलं. २०२१ मध्ये व्हाइट हाउस, हाउस, सिनेट तिन्ही हातात.

गवतफूल:

२००९-१० चा मुद्दा मान्य. आरोग्य विम्याचा कायदा आधी हातात घेतला, मुलं मागे पडली. त्याचं समर्थन मी करणार नाही.

२०२१ चं चित्र थोडं वेगळं. मार्चमध्ये हाउसने 'अमेरिकन ड्रीम अँड प्रॉमिस अ‍ॅक्ट' २२८-१९७ ने मंजूर केला, नऊ रिपब्लिकनांसह. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास, फिलिबस्टर, म्हणजे विरोधकांनी बिल अडवून धरणं, मोडायला साठ हवेत. अर्थसंकल्पाच्या मार्गाने साध्या बहुमतावर न्यायचा प्रयत्न केला, तर सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी, एलिझाबेथ मॅकडोनाह यांनी तो मसुदा नियमात बसत नाही म्हणून परत केला, एकदा नव्हे, तीनदा. डेमोक्रॅटांमधल्या काहींना फिलिबस्टरचा नियमच काढून टाकायचा नव्हता. म्हणजे पुन्हा तेच, मुलांपेक्षा दुसरं काही तरी मोठं ठरलं.

पण 'दोघंही सारखेच' म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८-३२ ने इमिग्रेशनचं मोठं बिल मंजूर केलं, चौदा रिपब्लिकनांसह, आणि रिपब्लिकन हाउसने ते मतदानालाच घेतलं नाही. डाका रद्द करायचा प्रयत्न रिपब्लिकन प्रशासनाने केला. तो २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात ५-४ ने फसला तोही रद्द करण्याची पद्धत चुकली म्हणून. रद्द करण्याचा अधिकार सरकारला आहे हे कोर्टाने मान्य केलं. डाकाविरुद्ध कोर्टात गेली ती टेक्सास आणि इतर रिपब्लिकन राज्यं. जानेवारी २०२५ च्या अपील कोर्टाच्या निकालात टेक्सासपुरता कामाचा परवाना वेगळा काढायची वाट मोकळी करून ठेवली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प टीव्हीवर म्हणाले की ड्रीमरांसाठी डेमोक्रॅटांबरोबर काही तरी करू. २०२५ मध्ये प्रत्यक्षात काय झालं? डाकाधारकांना सरकारी बाजारातला आरोग्य विमा ऑगस्टपासून बंद, आणि त्यांच्याच गृहसुरक्षा खात्याच्या प्रवक्त्या म्हणाल्या की डाका म्हणजे कायदेशीर दर्जा नव्हे, स्वतःहून देश सोडा.

टेक्सासकर:

टेक्सासचं मी सांगतो, इथे राहतो म्हणून. पेरींचा २००१ चा फीचा कायदा चोवीस वर्षं टिकला. मध्ये २०११ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या चर्चेत त्यांनी त्याचं समर्थन केलं आणि त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. ती उमेदवारी तिथून घसरली असं मी मानतो. जून २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर दावा लावला, राज्याने लढायचंच नाही असं ठरवलं आणि त्याच दिवशी कायदा कोर्टात संपला. फ्लोरिडातही तेच: २०१४ मध्ये रिक स्कॉट या रिपब्लिकन गव्हर्नरने दिलेली सवलत २०२५ मध्ये रिपब्लिकनांनीच काढली. माझ्या ओळखीची एक मुलगी सामुदायिक कॉलेजात नर्सिंग करत होती, तिची फी एका सत्रात कितीतरी पटीने वाढली. हे मला आवडलेलं नाही. माझा पक्ष या बाबतीत २००१ मध्ये जास्त शहाणा होता.

पाणवठा:

अवांतर, पण जन्माने नागरिकत्वाच्या आदेशाचं काय? एच-१बी वाल्यांच्या इथे जन्मणाऱ्या बाळांनाही तो लागू होतो म्हणे.

गवतफूल:

हो, २० जानेवारी २०२५ च्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांचाही उल्लेख आहे. पण त्याचा कायदा वेगळा, चौदावी घटनादुरुस्ती. वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

कृष्णाकाठ:

एवढं सगळं वाचून एकच कळेना. तिथली जनता काय म्हणते?

गवतफूल:

जनता बाजूने आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या जून २०२० च्या पाहणीत ७४ टक्के लोक या मुलांना कायमचा दर्जा द्या म्हणाले, रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्यांतलेही ५४ टक्के. पण त्या ५४ टक्क्यांपैकी या एका प्रश्नावर मत फिरवणारे थोडे. विरोधातले उरलेले मात्र पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीला हमखास येतात. २०१४ मध्ये हाउसमधले रिपब्लिकनांचे दोन नंबरचे नेते एरिक कँटर अशाच निवडणुकीत पडले आणि त्यात इमिग्रेशन हा मोठा मुद्दा होता. तेव्हापासून तिथला प्रत्येक खासदार ते लक्षात ठेवून आहे. लिंडसी ग्रॅहम यांनी डर्बिन यांच्याबरोबर ड्रीम अ‍ॅक्ट २०१७, २०२१, २०२३ असा परत परत मांडला, पण मतं गोळा झाली नाहीत. हॅच २०२२ मध्ये गेले. डर्बिन यांनी २०२६ ला उभं राहणार नाही असं जाहीर केलंय.

निळावंती:

आम्ही मतदार नाही, तर आम्ही काय करायचं? खासदाराला पत्र लिहिलं होतं, छापील उत्तर आलं.

कलमदान:

दोन वेगळ्या गोष्टी. मुलासाठी: वयाचा हिशोब वकिलाकडून लेखी घ्या, आय-१४० दाखल झाल्याची आणि मंजुरीची तारीख दोन्ही कागदांवरून, आठवणीवरून नको. एफ-१ चा अर्ज एकविसाव्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी करा. नंबर लागलाच तर एका वर्षाच्या आत हालचाल करावी लागते, तेही लक्षात असू द्या.

खासदारासाठी: मतदार नसलात तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता, ऑफिसने ऐकून घ्यायलाच हवं. सर्वसाधारण पत्र नको. वॉशिंग्टनच्या ऑफिसात इमिग्रेशन बघणारा कर्मचारी कोण ते विचारा आणि त्याच्याशीच बोलायची वेळ मागा.

टेक्सासकर:

आणि जे मतदार आहेत त्यांनी फोन करावा. मी करणार आहे, माझे खासदार रिपब्लिकन आहेत. दोनच प्रश्न विचारीन. अमेरिकाज चिल्ड्रेन अ‍ॅक्टला तुमची सही आहे का, नसेल तर का नाही. आणि फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार व टेक्सासच्या डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार यांनी जुलै २०२५ मध्ये पुन्हा आणलेल्या डिग्निटी अ‍ॅक्टवर तुमचं म्हणणं काय. त्यात ड्रीमरही आहेत. मत मी पुढेही माझ्या विचारानेच देईन, पण उत्तर काय येतं ते इथे लिहितो.

डोंगरवाट:

काका, डिग्निटी अ‍ॅक्टबद्दल विचाराल तेव्हा डाकावाल्यांचंही वेगळं विचारा, फक्त आमचं नको. माझ्या मैत्रिणीचं नूतनीकरण पुढच्या उन्हाळ्यात आहे आणि ती टेक्सासचीच आहे.

टेक्सासकर:

विचारतो. तिचा भाग कुठला ते मला व्यनि (खासगी निरोप) कर. माझाच मतदारसंघ असेल तर तिला माझ्याबरोबर ऑफिसात येता येईल का, तेही तिला विचार. ती तयार असेल तरच.